एका छातीवर दोन प्रवेश

येउकाईला विद्यापीठाचं पत्र आलं त्या दिवशी नोमॅटर मामा एकोणतीस शाळकरी पँटींना चेन लावत बसला होता. जानेवारीत अख्ख्या तेंबिसा वस्तीची पोरं शाळेत जातात आणि अख्ख्या तेंबिसाच्या चेन मामाकडे येतात. येउकाईने पत्र मोठ्याने वाचलं. फार्मसीला जागा मिळाली होती. मामाने तोंडातल्या टाचण्या एक-एक करून उशीत खोचल्या आणि विचारलं, "अट काय आहे?"

झिंबाब्वेतून येऊन सोळा वर्षं या देशात काढली की माणसाला पत्रात आधी अट शोधायची सवय लागते. अभिनंदन मागाहून वाचलं तरी चालतं.

अट होती. चौदा फेब्रुवारी, शुक्रवार, दुपारी चारच्या आत शिक्षणाच्या परवान्याचा अर्ज भरल्याची पावती दाखवायची. नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. परवान्याच्या अर्जाला नऊ कागद लागत होते. आठ होते. सातवा नव्हता. सातवा कागद म्हणजे छातीचा एक्स-रे आणि त्यावर डॉक्टरची सही, की हिची फुप्फुसं साफ आहेत.

"फुप्फुसं?" मामा म्हणाला. "फार्मसी काय फुप्फुसांनी शिकतात?"

"सगळ्या परदेशी मुलांना लागतं."

"तू कुठे परदेशी? तू दोन वर्षांची होतीस. आईच्या पाठीवर झोपून आलीस. तुला तर सरहद्दही दिसली नाही."

"मग काय लिहू, की झोपले होते?"

मामाने पुन्हा चेन घेतली. त्याच्याआधी जन्मलेली तीन भावंडं गेली होती, म्हणून चौथ्याच्या वेळी बापाने नाव ठेवलं नोमॅटर, म्हणजे असू दे. हा जगला. झिंबाब्वेत असली नावं ठेवायची पद्धतच आहे. त्याला स्वतःला त्याचं काही वाटत नसे. फक्त सरकारी खिडकीवर नाव विचारलं आणि याने सांगितलं, की पलीकडचा माणूस म्हणायचा, "असू दे कसं? नाव तर लागेलच."

एक्स-रे वस्तीतल्या सरकारी आरोग्य केंद्रात फुकट निघत असे. येउकाई जाऊन खिडकीवर विचारून आली. एक्स-रेला फाईल लागते. फाईलला परवाना लागतो.

"परवान्याला एक्स-रे लागतो," येउकाई म्हणाली.

"बरोबर," खिडकीतली बाई म्हणाली.

"मग मी काय करू?"

बाईने खरोखर विचार केला. हे येउकाईने नंतर मामाला मुद्दाम सांगितलं, की बाई वाईट नव्हती, तिने चांगला मिनिटभर विचार केला. मग म्हणाली, "पुढचा!"

खासगी एक्स-रे काढायचा तर येउकाईच्या आईला श्रीमंतांच्या सँडटनमधली दोन घरं आणखी धरावी लागली असती, आणि तिच्या आठवड्याला सातच दिवस होते. ती एका घरी राहून स्वयंपाक करायची आणि रविवारी दुपारी चार तास यायची. तिला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मैवे!", म्हणजे अगं आई गं, आणि मग बराच वेळ मागे कुणाचा तरी मिक्सर ऐकू येत राहिला.

वाट निघाली ती दिकेलेदीमुळे. हे सगळे राहत होते ते दिकेलेदीच्या आजीच्या आवारात, मागच्या पत्र्याच्या खोलीत. दिकेलेदी आणि येउकाई पहिलीपासून एका बाकावर. बारावीत येउकाईला सहा विषयांत विशेष श्रेणी मिळाली आणि दिकेलेदीला एका विषयात, तोही गृहशास्त्र. दिकेलेदीला नर्सिंग कॉलेजात सरकारी खर्चाने जागा मिळाली होती. याचं येउकाईला वाईट वाटायला हवं होतं. ती एक-दोन दिवस वाईट वाटायची वाट बघत राहिली, मग कपडे धुवायला बसली.

दिकेलेदीलाही एक्स-रे हवा होता. नर्सिंगच्या मुलींची तपासणी करतात, त्याची कॉलेजने छापील चिठ्ठी दिली होती. पण रांग पहाटे पाचला लागते, आणि दिकेलेदीला बुधवारी सकाळी हॉस्टेलवर हजर व्हायचं होतं.

"ए येउका, तूच जा ना माझ्याऐवजी," ती दारात उभी राहून म्हणाली. "माझं कार्ड ने, चिठ्ठी ने. रिपोर्ट ते परस्पर कॉलेजला पाठवतात. फिल्म मात्र हातात देतात."

मामाचं मशीन थांबलं.

"फिल्मवर नाव कुठे असतं?" त्याने विचारलं.

"वर कोपऱ्यात."

"कोपरा केवढा?"

दिकेलेदीने दोन बोटं दाखवली. मामाने कात्रीकडे बघितलं. तो शिंपी होता. कोपरा कापणं म्हणजे त्याला काहीच नव्हतं.

"फासळ्यांवर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं," मामा म्हणाला. "रिपोर्ट हिच्या कॉलेजला. फिल्म आपल्याला. चर्चमध्ये शनिवारी म्हातारे डॉक्टर मूडली बसतात, ते फुकट सही करतात. त्यांच्याकडे मशीन नाही एवढंच. एका छातीवर दोन प्रवेश. यात कुणाचं काय जातंय?"

कुणाचं काही जात नव्हतं. तिघांनी नीट विचार केला आणि तिघांनाही तसंच वाटलं. येउकाई मधूनमधून खोकत होती, पण ती चार महिने खोकत होती. पत्र्याच्या खोलीत मशीनच्या पायाशी झोपलं आणि रात्रभर कापसाची धूळ नाकात गेली, की कुणीही खोकेल.

आरोग्य केंद्राच्या फाटकावर गेल्या वर्षापासून काही लोक बसत असत. ते सरकारी नव्हते. एका मंडळाचे होते, सारख्या टोप्या घालायचे आणि येणाऱ्याचं ओळखपत्र तपासायचे. देशातली औषधं आधी देशाच्या माणसांना, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्यातली मुख्य म्हणजे मादलोमो, साठीच्या पुढची बाई, प्लॅस्टिकच्या खुर्चीत छत्री लावून बसणारी. मादलोमोला साखरेचा आजार होता. दोन वर्षांपूर्वी केंद्रात तिची फाईल हरवली आणि कुणीतरी तिला सांगितलं, की परदेशी लोकांनी नेली. परदेशी लोक मादलोमोच्या फाईलचं काय करतील हे कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून ती फाटकावर बसून फाईल शोधत होती.

मंगळवारी येउकाई दिकेलेदीसारख्या वेण्या घालून गेली. दिकेलेदी बुधवारी जायची होती, त्यामुळे शेजारी बसवून वेणीला वेणी जुळवता आली. मादलोमोने कार्ड उलटसुलट केलं. झुलू भाषेत विचारलं, कुठे राहतेस, आजीचं नाव काय, शाळा कुठली. येउकाईने पटापट सांगितलं. तिची झुलू मादलोमोच्या नातवंडांपेक्षा साफ होती, कारण ती नातवंडं आता फक्त फोनमधली इंग्रजी बोलत. मादलोमोचं तोंड जरा सैल झालं. "शिकलेली दिसतेस. जा बाळा," म्हणत तिने कार्ड पुढे केलं.

आणि येउकाईचे गुडघे वाकले. एक तळवा दुसऱ्यावर आडवा पडला आणि टाळी दोनदा घुमली.

झिंबाब्वेतल्या शोना घरात मुलीला चालायच्या आधी हे शिकवतात. कुणी काही दिलं, भाकरीचा तुकडा का असेना, की गुडघे वाकवायचे आणि पोकळ तळव्यांनी टाळी द्यायची. उच्चार सुधारता येतो, वेण्या बदलता येतात. गुडघ्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, की आज आपण दुसरे कुणीतरी आहोत.

मादलोमोने कार्ड सोडलं नाही.

"टाळी कुणासाठी?"

"डास होता, आजी."

"दोनदा?"

"दोन होते."

"डास मारताना गुडघे वाकवतेस?"

मागे रांगेत एक बाई हसली. मादलोमो हसली नाही. तिने कार्डावरच्या फोटोकडे पुन्हा एकदा बघितलं आणि ते येउकाईच्या हातात कोंबलं. "घरी जा. आणि जिचं हे कार्ड आहे तिला सांग, फोटो छान आलाय."

घरी आल्यावर मामाने दोन हात कपाळाला लावले. "बोटं शिवून टाकायला हवी होती तुझी."

"आपोआप झालं."

"तेच तर. उद्या हात मोकळे ठेवायचेच नाहीत. काहीतरी धरून जा. दोन्ही हातांनी धरावं लागेल असं."

दिकेलेदी म्हणाली, मूल घेऊन जा, शेजारच्या गल्लीत बरीच आहेत. पण मूल आत नेलं की तिथे त्याला धरून लस टोचतात, आणि मग त्याच्या आईला काय सांगायचं. सूटकेस संशयास्पद दिसली असती. शिलाई मशीन जड होतं. शेवटी मामाने बाजारातून कोबीचा गड्डा आणला, तान्ह्या मुलाएवढा, पानांसकट. कोबी घेऊन दवाखान्यात जाणाऱ्या माणसाचा कुणाला संशय येत नाही. त्याची कुणाला कीवही येत नाही. त्याच्याबद्दल कुणाला काहीच वाटत नाही, आणि मामाला नेमकं तेच हवं होतं.

बुधवारी फाटकावर मादलोमो नव्हती. तिच्या खुर्चीत एक जाडा इसम बसला होता.

"कार्ड."

"खिशात आहे, दादा. तुम्हीच काढा, हात अडकलेत."

त्याने काढलं, बघितलं, परत खिशात सरकवलं. येउकाईने कोबीला घट्ट मिठी मारली. गुडघे किंचित वाकले, पण कोबीच्या वजनाने वाकले असतील असं कुणालाही वाटलं असतं.

"कितीला घेतला?" इसमाने विचारलं.

"मामाने आणला."

"महाग झालाय," तो म्हणाला आणि तिला आत सोडलं.

एक्स-रेच्या खोलीत तंत्रज्ञ म्हणाला, कोबी खाली ठेव. कोबी खुर्चीवर बसला. येउकाई गार पाटीला छाती लावून उभी राहिली. श्वास घे, धर, सोड. श्वास धरता धरता खोकला आला, म्हणून पुन्हा एकदा. मग फिल्म हातात आली. कोपऱ्यात नाव होतं, दिकेलेदी मोक्वेना. दोन बोटंच जागा.

त्या संध्याकाळी त्यांनी सद्झाबरोबर, मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीबरोबर, कोबी खाल्ला. गुरुवारीही कोबी. शुक्रवारी मामा म्हणाला, "पुढच्या वेळी काहीतरी लहान नेऊ."

शनिवारी चर्चच्या मागच्या हॉलमध्ये डॉक्टर मूडली बसले होते. डर्बनचे, पंच्याहत्तरीचे, निवृत्त झाले तेव्हापासून आधीपेक्षा जास्त काम करणारे. त्यांच्यासमोरच्या बाकावर बावीस माणसं होती. येउकाईची पाळी आली तशी मामाने फिल्म पिशवीतून काढली. एक कोपरा सुबक तिरका कापलेला होता, खिशाच्या झाकणासारखा.

डॉक्टरांनी फिल्म खिडकीला लावली. बाहेर ऊन होतं. फासळ्या उजळल्या. मग त्यांनी कापलेल्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"ही कुणाची आहे?"

"हिचीच," मामा म्हणाला. "आईशप्पथ हिचीच. कुणाला वाटेल आम्ही दुसऱ्या कुणाची आणली, पण नाही, डॉक्टर, हिचीच."

"मला तीच भीती होती," डॉक्टर म्हणाले. त्यांनी उजव्या बाजूला वर, हाडाखाली, एक पांढुरका डाग दाखवला. ढगाचा तुकडा अडकून राहावा तसा. "वजन कमी झालंय?"

"थोडं."

"रात्री घाम?"

"पत्र्याची खोली आहे."

"खोकला?"

"शिंप्याची खोली आहे," मामा म्हणाला. त्याचा आवाज खाली गेला होता.

"थुंकी तपासल्याशिवाय मी शपथ घेणार नाही, पण हा टीबी आहे," डॉक्टर म्हणाले. "बरा होतो. सहा महिने गोळ्या. पण साफ आहे असं मी लिहू शकत नाही, पोरी. सोमवारी केंद्रात जा. स्वतःच्या नावाने जा."

"तिला आत घेत नाहीत, डॉक्टर. तोच तर सगळा घोळ आहे."

"धडधाकट माणसाला घेत नसतील. टीबीवाल्याला घेतात. त्याची फाईल कागद न बघता उघडतात."

मामा बाकावर बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "म्हणजे आधी आजारी पडली असती तर कोबी लागला नसता."

येउकाई ढगाच्या तुकड्याकडे बघत होती. हे आपल्या आत आहे, असं तिने स्वतःला सांगून बघितलं. आतून काही उत्तर आलं नाही. बाहेर कुणीतरी मुलांना गाणं शिकवत होतं आणि मुलं दरवेळी त्याच ओळीला चुकत होती.

रविवारी दुपारी दिकेलेदी सूटकेस घेऊन परत आली. नाकावर कागदी पट्टी होती. ती आवारात शिरली आणि सरळ मागच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"मी तुला कार्ड दिलं होतं," ती म्हणाली. "फुप्फुसं नव्हती दिली."

रिपोर्ट कॉलेजला पोचला होता. तिसऱ्याच दिवशी तिला हॉस्टेलमधून काढलं. तिच्या गादीवर फवारणी केली. केंद्रात तुझ्या नावाने गोळ्या चालू केल्यात, टीबी बरा झाल्याचा कागद आण, तोवर जागा दुसरीला.

"तू सांगितलं नाहीस का, की हा तुझा नाही?" मामाने विचारलं.

"सांगितलं ना. हॉस्टेलच्या बाई म्हणाल्या, सगळे असंच म्हणतात. पहिल्या आठवड्यात मन मानायला तयार होत नाही म्हणे. त्यासाठी एक वेगळी बाई ठेवलीय, तिने माझा हात हातात घेतला. दीड तास सोडला नाही. शेवटी मीच म्हणाले, बरं आहे, मला टीबी आहे, मला लघवीला जाऊ द्या."

"मग पुन्हा एक्स-रे काढ. तुझा साफ येईल."

"आणि पहिला कुणाचा होता, विचारलं तर? दुसऱ्याच्या हातात कार्ड दिलं म्हणून मला नर्सिंगमधून कायमची काढतील. नाहीतर तू सांग. तू जा आणि सांग."

येउकाईची आई तेव्हा आलेली होती. ती कॉटच्या कडेवर बसून मुलीच्या पाठीवरून हात फिरवत होती, उजव्या बाजूला, वर. जणू तेवढाच भाग दुखत असावा. पाच वाजता तिची बस होती.

तेवढ्यात मामाला सुचलं. मामाला सुचलं की तो आधी उभा राहतो. तो उभा राहिला, गादी उचलली आणि खालून एक मोठा पिवळा लिफाफा काढला. त्यात एक्स-रेची फिल्म होती.

"ही माझी," तो म्हणाला. "परवा-परवाची, खाणीत नोकरी लागत होती तेव्हा काढलेली. नोकरी नाही लागली, पण फुप्फुसं बघा. पहिल्या नंबराची. शहरात टॅक्सी थांब्याच्या वर एक डॉक्टर बसतो, तो न बघता सही करतो. कोपरा कापायचा. उद्या सही, मंगळवारी अर्ज, पावती हातात. शुक्रवार लांब आहे."

"आणि माझ्या गोळ्या?" येउकाईने विचारलं.

"त्या दिकेलेदीच्या नावाने चालू झाल्यातच. ती आणेल, तू खा. तू शिक, तू बरी हो."

"आणि मी?" दिकेलेदी म्हणाली. "मी सहा महिने आजारी बसू?"

"तुला पुढच्या वर्षी पुन्हा जागा मिळेल, पोरी. तुझ्याकडे कार्ड आहे. हिला या वर्षी मिळाली नाही तर..." मामाने वाक्य हातानेच पुरं केलं. त्याचं म्हणणं खरं होतं. म्हणूनच कुणालाच ते नीट खोडता आलं नाही.

दिकेलेदीने येउकाईकडे बघितलं. "तुझं काय म्हणणं?"

येउकाईने आत शोधलं. आत मामाचं खरं होतं, दिकेलेदीचंही खरं होतं, आणि दोन्ही खरी एकमेकांकडे पाठ करून बसली होती. तिला झोप येत होती. "उद्या सांगते," ती म्हणाली.

सोमवारी सकाळी ती पाणी भरायला आवारातल्या नळावर गेली. दिकेलेदी तिथे कप धुवत होती. आजीने तिचा कप, ताट, चमचा वेगळा काढला होता आणि प्रत्येकावर नखाला लावायच्या लाल रंगाचा ठिपका दिला होता. दिकेलेदी ठिपका खरवडत नव्हती. ती कप आतून-बाहेरून घासत होती, पुन्हा विसळत होती. आजी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. खिडकी सताड उघडी होती.

"झालं की सांग," येउकाई म्हणाली.

"झालं," दिकेलेदी म्हणाली आणि बाजूला झाली. नेहमीपेक्षा दोन हात जास्त.

येउकाईने बादली भरली, आत नेऊन ठेवली. पिशवीत दोन्ही फिल्म टाकल्या, मामाची आणि स्वतःची. मामा म्हणाला, "पट्कन जा, साडेसातच्या टॅक्सीला गर्दी कमी असते." ती थांब्यापर्यंत गेली. शहराची टॅक्सी उभी होती, आत तीन जागा रिकाम्या होत्या, आणि ओरडणारा माणूस तिच्याकडेच बघून ओरडत होता. ती टॅक्सीच्या मागून वळसा घालून चालत राहिली. केंद्र तिथून वीस मिनिटांवर आहे.

फाटकावर मादलोमो होती. छत्रीखालून तिने मान वर केली. "आज कोण आहेस?"

"येउकाई मुचेम्वा."

"कार्ड?"

"नाही. टीबी आहे."

मादलोमोची खुर्ची खरडत मागे गेली. टोपीवाल्यांनी, कुणी न सांगता, फाटकाचा दुसरा दरवाजाही उघडला. तो गेलं वर्षभर बंद होता आणि जोरात कुरकुरला.

"मग इथे काय उभी राहिलीस! जा, आत जा. टीबीला आम्ही नाही अडवत," मादलोमो शालीचं टोक तोंडावर धरून म्हणाली. "अडवला तर इथेच बसेल ना आमच्यात. डावीकडे, उघड्या खिडक्यांची खोली!" आणि ती पुढे गेल्यावर मागून ओरडली, "जेवून आलीस का? उपाशीपोटी चक्कर येते त्या गोळ्यांनी!"

उघड्या खिडक्यांच्या खोलीत सिस्टर मशुडू होती. तिने नाव विचारलं आणि लिहिलं. जन्म कुठला विचारलं, येउकाईने झिंबाब्वेतलं बिकिता सांगितलं, तेही लिहिलं. परवाना विचारलाच नाही. येउकाई वाट बघत होती. सिस्टरने घरात माणसं किती, खिडक्या किती, एवढंच विचारलं. मग एक कोरी फाईल काढली आणि तिच्यावर नंबराचा शिक्का मारला. शिक्का एकदाच मारला. इतकं सोपं होतं ते.

"अजून एक सांगायचंय," येउकाई म्हणाली आणि दिकेलेदीचं सगळं सांगितलं. कोबी सोडून.

सिस्टरने पेन खाली ठेवलं. "हा गुन्हा आहे. दोघींचा. कळतंय ना?"

"हो."

"ती मुलगी नर्स होणार? कार्ड असं वाटत फिरणारी?" सिस्टरने खिडकीबाहेर बघितलं. मग कागद ओढला आणि मोठ्याने म्हणत लिहिलं, "दोन रुग्णांच्या फिल्मची आमच्याकडून अदलाबदल झाली. आमच्याकडून. इथे महिन्याला चार वेळा होते, त्यामुळे कुणी काही विचारणार नाही. तिला उद्या स्वतःची छाती घेऊन पाठव. दुसऱ्या कुणाची नको."

"मला शुक्रवारपर्यंत एक कागद हवाय. फुप्फुसांचा."

"काय लिहू त्याच्यावर?"

येउकाईने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला.

"सहा महिने गोळ्या घे. एकही चुकवू नकोस. मग मी स्वतः लिहून देईन, साफ आहेत म्हणून, तुझ्या नावाने. ऑगस्टात."

"ऑगस्टात जागा नसते."

"पुढच्या वर्षीची असते ना? काय शिकणार होतीस?"

"फार्मसी."

सिस्टरने चार गोळ्या झाकणात ओतल्या, पाण्याचा ग्लास सरकवला. "या घे. माझ्यासमोर गिळायच्या. तोंड उघड. जीभ वर. शाबास. पुढचा!"

दिकेलेदीचा एक्स-रे साफ आला. गुरुवारी ती सूटकेस घेऊन परत गेली. जाताना दारात थांबली, "येते गं," म्हणाली, आणि येउकाई "ये," म्हणाली. मामा चार दिवस येउकाईशी फक्त जेवणापुरतं बोलला. मग त्याने आपलं मशीन उचलून दाराबाहेर, पत्र्याच्या पडवीत मांडलं, आणि कुणी विचारलं तर सांगू लागला, की आत उकडतं.

शुक्रवारी येउकाई गोळ्या घेऊन आली आणि पडवीत बसून मामाच्या पँटींच्या दोऱ्यांची टोकं कातरत राहिली. चार वाजून गेले. सव्वाचारला तिच्या फोनवर एकापाठोपाठ एक दोन निरोप आले.

पहिला विद्यापीठाचा होता. प्रिय अर्जदार, आपले कागद अपूर्ण असल्याने आपली जागा दुसऱ्या उमेदवाराला देण्यात येत आहे. आपल्या भावी वाटचालीस शुभेच्छा. या निरोपाला उत्तर पाठवू नये.

दुसरा केंद्राचा होता. प्रिय येउकाई मुचेम्वा, या आठवड्यात तुझी एकही गोळी चुकलेली नाही. अभिनंदन! आजची गोळी घेतली असल्यास एक दाब.

"काय आलं?" मामाने मशीनवरून मान न उचलता विचारलं.

"अभिनंदन," येउकाई म्हणाली.

"अट काय आहे?"

तिने त्याला दोन्ही निरोप वाचून दाखवले. मामाने पाय थांबवले नाहीत. शिवण सरळ चालली होती, ती त्याने शेवटपर्यंत नेली आणि दोरा तोडला.

येउकाईने एक दाबला.